प्रयोगशाळेची पाटी आणि प्रयोगशाळा

सप्टेंबर २०११ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनी एक सामंजस्य करार केला. एक होती नकाशाशास्त्रज्ञांची जागतिक संघटना आणि दुसरी ओएसजीओ, म्हणजे नकाशे व भौगोलिक माहिती हाताळणाऱ्या मुक्त आज्ञावल्यांची काळजी वाहणारी, २००६ मध्ये स्थापन झालेली संस्था. जगभरच्या विद्यापीठांत अशा आज्ञावल्यांचे संशोधन आणि शिक्षण करणाऱ्या प्रयोगशाळा उभ्या राहाव्यात, हा कराराचा हेतू. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठातील डॉ. सुचित आनंद यांनी त्यासाठी पुष्कळ धावपळ केली. पुढे या जाळ्याला ‘जिओ फॉर ऑल’ असे नाव मिळाले आणि काही वर्षांतच प्रयोगशाळांची संख्या शंभराच्या पुढे गेली. आपल्याकडे हैदराबादच्या आयआयआयटीमधील प्रयोगशाळा त्यात आहे.

उपक्रम चांगला आहे, हे आधी सांगून टाकतो. ज्या देशांतल्या विद्यापीठांना महागड्या आज्ञावल्यांचे परवाने परवडत नाहीत, तिथे या जाळ्यामुळे पाठ, सराव आणि माणसे पोहोचली. पण गेल्या काही वर्षांत आपल्याकडे ‘आम्हीही अशी प्रयोगशाळा काढतो आहोत’ हे वाक्य वारंवार ऐकू येते. तेव्हा नेमके काय काढले जाते, याची तपासणी करावीशी वाटते. माझा आक्षेप असा आहे की आपण खोली मोजतो, संगणक मोजतो, प्रशिक्षणवर्ग मोजतो. आणि ज्यामुळे त्या खोलीला प्रयोगशाळा म्हणावे ते काम मात्र मोजत नाही. करावेसेही आपल्याला वाटत नाही.

थोडी पार्श्वभूमी. भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस, ही एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखी असते. एका कागदावर नद्या, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर मातीचे प्रकार, चौथ्यावर गावांच्या सीमा. हे कागद संगणकात असल्यामुळे त्यांना प्रश्न विचारता येतात: काळी माती, पाच टक्क्यांपेक्षा कमी उतार आणि नदीपासून एक किलोमीटरच्या आत, अशी जमीन कुठे आहे? हे काम करणाऱ्या आज्ञावल्या कंपन्या विकतात. त्याचबरोबर ग्रास, क्यूजीआयएस, सागा, मॅपसर्व्हर अशा मुक्त आज्ञावल्याही आहेत. त्या कोणीही वापराव्यात, उघडून पाहाव्यात, बदलाव्यात आणि बदललेली प्रत पुढे द्यावी, अशी परवानगी त्यांच्या परवान्यातच लिहिलेली असते.

यातला ‘वापराव्यात’ हा एकच शब्द आपण ऐकतो. विद्यापीठाच्या ठरावात लिहिले जाते की मुक्त आज्ञावलीमुळे परवान्याचा खर्च वाचेल. खर्च वाचतो, खोटे नाही. पण खर्च वाचवण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, त्याला खरेदी विभाग पुरे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी स्वस्त मिळाली म्हणून कोणी तिला संशोधन प्रयोगशाळा म्हणत नाही. ‘फुकट’ हा मुक्त आज्ञावलीचा सर्वांत लहान गुण आहे. मोठा गुण आहे तो उघडून पाहता येण्याचा. तो का मोठा, हे एका उदाहरणाने पाहू. हे उदाहरण आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर करता येईल.

अंतराळयानातील रडारने फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांत पृथ्वीच्या बऱ्याच मोठ्या भागाची उंची मोजली. त्यातील सुमारे ३० मीटरच्या चौकटींची माहिती अमेरिकेबाहेरच्या भागांसाठी २०१४ पासून खुली झाली. या माहितीत प्रत्येक चौकटीला उंचीचा एक आकडा असतो. समजा, असे नऊ आकडे आहेत, मीटरमध्ये:

६२८  ६२६  ६२४
६२५  ६२०  ६१५
६२३  ६१९  ६१४

मधल्या ६२० वर पडलेला पाऊस कुठे जाईल? मुले लगेच सांगतील, सर्वांत खाली, म्हणजे कोपऱ्यातल्या ६१४ कडे. आता अंतर मोजायला सांगा. उजवीकडची चौकट ३० मीटरवर आहे, कोपऱ्यातली मात्र कर्णावर असल्यामुळे सुमारे ४२.४ मीटरवर. उजवीकडे ३० मीटरमध्ये ५ मीटरचा उतार आहे, म्हणजे शंभर मीटरला जवळजवळ १६.७. कोपऱ्याकडे ४२.४ मीटरमध्ये ६, म्हणजे शंभराला सुमारे १४.१. तीव्र उतार उजवीकडे आहे! पहिले उत्तर ‘सर्वांत सखल शेजारी’ या नियमाचे आणि दुसरे ‘सर्वांत तीव्र उतार’ या नियमाचे. शिवाय तिसरा नियम आहे: खऱ्या डोंगरावर पाणी एकाच वाटेने जात नाही, म्हणून जेवढे शेजारी खाली आहेत त्या सर्वांना ते उतारानुसार वाटून द्यावे. आपल्या उदाहरणात असे शेजारी तीन आहेत.

आता चौकटी नऊ नसून नव्वद लाख आहेत असे समजा. प्रत्येक चौकटीत केलेली निवड पुढच्या चौकटीकडे जाते, आणि शेवटी ओढ्याची रेघ व पाणलोट क्षेत्राची हद्द ठरते. बंधारा इथे घालायचा की दोनशे मीटर वर, हे त्या रेघेवरून ठरते. ग्रास या आज्ञावलीत पाणलोट काढणारी जी आज्ञा आहे, ती पूर्वी पाणी एकाच शेजाऱ्याला देत असे. २०१५ च्या ७.० या आवृत्तीपासून ती आपण वेगळे सांगितले नाही तर पाणी वाटून देते. आज्ञा तीच, नकाशा वेगळा. ज्याने माहितीपुस्तिका वाचली आणि गरज पडल्यास मूळ संहिता उघडून पाहिली, त्याला हे कळेल. ज्याने फक्त बटन दाबले, तो दोन वर्षांच्या दोन नकाशांची तुलना करून ओढ्याने प्रवाह बदलल्याचा शोधनिबंधही लिहील.

खड्ड्यांचा प्रश्न तर याहून गमतीदार आहे. एखादी चौकट आठही बाजूंनी उंच शेजाऱ्यांनी वेढलेली असेल, तर पाणी तिथेच अडकते आणि हिशेब थांबतो. म्हणून पुष्कळ आज्ञावल्या आधी असे सगळे खड्डे ‘भरून’ घेतात. बहुतेक खड्डे मोजणीतल्या चुकांमुळे आलेले असतात, तेव्हा हे ठीकच. पण एखादा खड्डा खरोखरच गावतळे असतो, दगडाची खाण असते. आज्ञावली तो मुकाट्याने बुजवते. ग्रासची वर सांगितलेली आज्ञा खड्डे न भरता त्यांतून पलीकडे जाण्याची कमी त्रासाची वाट शोधते. यांतली कोणती रीत बरोबर, हे जमिनीवर जाऊन आणि संहिता वाचूनच ठरवावे लागते. मला विचाराल तर विद्यापीठातल्या अशा प्रयोगशाळेचे पहिले काम हेच आहे, आणि बंद आज्ञावलीवर ते करता येत नाही. प्रशिक्षणवर्गात मात्र ते कुठेच दिसत नाही. तिथे तीन दिवसांत ‘पाणलोट कसे काढावे’ हे सात बटनांत शिकवून प्रमाणपत्र दिले जाते. आज्ञावली मुक्त होती एवढाच काय तो फरक.

मुक्त आज्ञावली आणि विद्यापीठ यांचे नाते कसे जुळते, यासाठी ग्रासचाच इतिहास पाहण्यासारखा आहे. ही आज्ञावली कुठल्या विद्यापीठाने नव्हे, तर अमेरिकी सैन्याच्या एका बांधकाम-संशोधन प्रयोगशाळेने इलिनॉय राज्यातील शॅम्पेन येथे १९८२ पासून तयार केली. सैन्याच्या ताब्यात प्रचंड जमिनी होत्या, त्यांची आणि तिथल्या पर्यावरणाची व्यवस्था पाहायची होती. सरकारी काम असल्यामुळे आज्ञावली सर्वांना खुली होती. तिची ४.१ ही आवृत्ती १९९३ मध्ये आली आणि त्यानंतर काही वर्षांतच सैन्याच्या प्रयोगशाळेने हात काढून घेतला.

इथे थांबून विचार करा. संहिता खुली होती, फुकट होती, जगभर वापरणारे होते. तरीही आज्ञावली पोरकी झाली. नवे संगणक येत होते, जुनी संहिता त्यांवर चालेना, दोष कळवावा तर कोणाला? म्हणजे नुसते खुले असणे पुरत नाही. तिला वाचवले ते दोन विद्यापीठांतल्या मोजक्या माणसांनी. टेक्सासमधील बेलर विद्यापीठाने १९९७ मध्ये पुढची आवृत्ती काढली. जर्मनीत हॅनोव्हर विद्यापीठात भूगोल शिकणारा मार्कुस नेटेलर हा तरुण तिच्यावर काम करू लागला. त्याने जर्मन भाषेत तिचे पुस्तकही लिहिले. १९९९ मध्ये तिला जीपीएल हा परवाना मिळाला. त्यानुसार संहिता बदलून पुढे देणाऱ्याला आपले बदलही खुलेच ठेवावे लागतात. नेटेलर २००१ मध्ये इटलीतील ट्रेंटो येथील संशोधन संस्थेत गेला, तेव्हा आज्ञावलीचे मुख्य केंद्रही त्याच्याबरोबर तिकडे गेले. हॅनोव्हरमधली खोली, टेबले, संगणक जागेवरच असतील; केंद्र माणसाबरोबर गेले.

सागा या आज्ञावलीचेही तसेच. ती जर्मनीतच गॉटिंगेन विद्यापीठात वाढली, आणि तिच्यावर काम करणारा गट २००७ च्या सुमारास हॅम्बुर्गला गेला तेव्हा तीही हॅम्बुर्गची झाली.

यावर कोणी म्हणेल, मग माणसावरच सोडा, प्रयोगशाळा हवीच कशाला? तर एका माणसावर उभे असलेले काम त्या माणसाच्या आजारपणाएवढेच पक्के असते. प्रयोगशाळा हवी ती दुसरा आणि तिसरा माणूस तयार करण्यासाठी. याचे मला ठाऊक असलेले चांगले उदाहरण अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाचे आहे. तिथल्या हेलेना मितासोवा या प्राध्यापिकेने इलिनॉयमध्ये असल्यापासून ग्राससाठी काम केलेले. नेटेलर आणि मितासोवा यांचे ग्रासवरचे पाठ्यपुस्तक २००२ मध्ये निघाले. त्यांच्या प्रयोगशाळेतले विद्यार्थी शिकता शिकता त्याच आज्ञावलीचे विकासक झाले आणि पुढेही राहिले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने ग्रासभोवतीचा हा गट टिकावा आणि वाढावा यासाठी अनुदान दिले. नवे यंत्र घेण्यासाठी नव्हे, तर जुने काम नीट चालू राहावे म्हणून, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

याच प्रयोगशाळेने केलेले एक साधन शिक्षकांना आवडेल. मेजावर चिकट वाळूचा डोंगर करायचा. वरून एक यंत्र वाळूची उंची सतत मोजत असते. ते आकडे ग्रासकडे जातात, ग्रास पाण्याचा प्रवाह काढते आणि प्रक्षेपक तो निळा प्रवाह त्याच वाळूवर पाडतो. आपण बोटाने दरी खणली की ओढा तिकडे वळतो. मूठभर वाळूचा बांध घातला की मागे तळे साचते. मुलांना हा खेळ वाटेल, आणि तो खेळ आहेच. पण त्यामागची सगळी संहिता खुली आहे आणि कोणत्याही विद्यापीठाला ती घेऊन स्वतःची वाळू पसरता येते. मी अशा उपक्रमाला प्रयोगशाळा म्हणेन, मग तो एका मेजावर का असेना.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात मुक्त नकाशा-आज्ञावलीचे खरे काम झालेले नाही असे मुळीच नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पाच हजारांहून अधिक गावे होती. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी मुंबईच्या आयआयटीने क्यूजीआयएसला जोडून चालणारी आज्ञावली तयार केली. पाऊस किती पडला, त्यातला वाहून किती गेला, मातीत किती मुरला, पिकाने किती घेतला, हे माती, उतार आणि जमिनीचा वापर यांच्या नकाशांवरून काढायचे. शिवाराच्या प्रश्नातून निघालेले, शिवाराकडे परत जाणारे काम. बाहेरच्या देशात तयार झालेले उदाहरण घेऊन त्याच्या सात पायऱ्या गिरवण्यापेक्षा हे शतपटींनी चांगले.

पण अशा जोडणीची पुढची कहाणी प्रत्येक ठिकाणी विचारायला हवी. फेब्रुवारी २०१८ मध्ये क्यूजीआयएसची ३.० ही आवृत्ती आली. आतली पायथन भाषाही दुसऱ्या पिढीवरून तिसऱ्या पिढीवर गेली. त्यामुळे आधीच्या जोडण्या नव्या आवृत्तीत तशाच चालेनात, प्रत्येकीत बदल करावे लागले. ज्यांचे कर्ते हजर होते त्या जोडण्या चालू राहिल्या. ज्या कोणा विद्यार्थ्याने एम.टेक.साठी लिहिल्या आणि तो नोकरीला गेला, त्या मागे राहिल्या. प्रबंध ग्रंथालयात सुरक्षित असतो, त्यातली आज्ञावली मात्र चार वर्षांत उघडत नाही. विद्यापीठात मुक्त आज्ञावलीची प्रयोगशाळा असेल, तर या जोडण्या जिवंत ठेवणे हे तिचे रोजचे काम असायला हवे. दरवर्षी नवा विद्यार्थी नवी जोडणी लिहितो, त्याऐवजी दोघांनी जुनी दुरुस्त केली तर काय बिघडेल?

बिघडते ते गुणांच्या तक्त्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्राध्यापकांच्या संशोधनाला गुण देण्याचा तक्ता आहे. शोधनिबंध, पुस्तके, मार्गदर्शन, प्रकल्प, पेटंट, व्याख्याने, ई-पाठ असे रकाने त्यात आहेत. दुसऱ्याने लिहिलेल्या आज्ञावलीतला दोष शोधून, दुरुस्त करून, ती दुरुस्ती जगाला परत देण्यासाठी रकाना नाही. एखाद्या तरुण प्राध्यापिकेने सहा महिने खपून पाणलोटाच्या आज्ञेतला खड्ड्यांचा दोष काढला, तर तिला शून्य. त्याच आज्ञेचे बटन दाबून एका तालुक्याचा नकाशा छापला, तर गुण. अशा तक्त्याखाली प्रयोगशाळा उघडल्यावर तिथे बटने दाबली जातील, यात नवल कसले? २०११ च्या कराराने हा प्रश्न सोडवला नाही, त्याने तो सोडवावा अशी अपेक्षाही नव्हती. पण आपल्या विद्यापीठांनी जाळ्यात सामील होताना तो स्वतःला विचारायला हवा होता. जाळ्याच्या यादीत नाव आले की काम संपले, अशी आपली समजूत होऊन बसली.

माहितीची अडचण पूर्वी सांगता येत असे. सर्वेक्षण खात्याचे नकाशे मिळवणे म्हणजे अर्ज, शिक्के आणि वाट पाहणे. २००५ च्या नकाशा धोरणाने सर्वसाधारण उपयोगाची नकाशामालिका वेगळी केली, २०१७ पासून तिचे नकाशे नागरिकांना संगणकावर उतरवून घेता येऊ लागले. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर भारतीय संस्थांना नकाशे करण्यासाठी आधी परवानगी घेण्याची अट काढून टाकली. अडचणी आहेत, पण ‘माहितीच मिळत नाही’ ही सबब आता पूर्वीइतकी चालत नाही.

राहिला प्रश्न, दुरुस्त करण्याजोगे काय आहे? आपल्या विद्यार्थ्यांना हे जमेल का, असेही विचारले जाते. एक उदाहरण देतो. नकाशावर नदीचे नाव नदीच्या वळणाने लिहायची पद्धत आहे. हे करण्यासाठी आज्ञावली नावाचे तुकडे करून एकेक अक्षर वळणावर ठेवते. रोमन लिपीत काही बिघडत नाही, कारण तिथे अक्षरे सुटीच असतात. देवनागरीत ‘कृष्णा’ लिहायचे झाले, तर संगणकाच्या लेखी त्यात क, ऋकाराचे चिन्ह, ष, हलन्त, ण आणि काना असे सहा तुकडे असतात. ते सुटे सुटे वळणावर ठेवले की नदी राहते, नाव मोडते. नकाशा काढणाऱ्या अनेक आज्ञावल्यांत हा दोष वर्षानुवर्षे होता. ज्यांनी त्या लिहिल्या त्यांना तो दिसण्याचे कारणच नव्हते. त्यांच्या नद्यांना जोडाक्षरे नाहीत. तो पहिल्यांदा दिसायला हवा होता तो पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात. इथे कितीतरी विभागांत मराठी नकाशे काढले जातात. पण तिथे काय होते? विद्यार्थी नकाशा नावांशिवाय छापतो, आणि चित्रे काढण्याच्या दुसऱ्या आज्ञावलीत नेऊन नावे हाताने टाकतो. काम भागते. दोष तिथेच राहतो आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी पुन्हा हाताने नावे टाकतो.

अक्षर कुठे तोडावे आणि कुठे तोडू नये, याचे नियम लिहून काढणे भाषेच्या आणि संगणकाच्या विद्यार्थ्याने मिळून एका सत्रात करण्यासारखे काम आहे. दोष नेमका कधी येतो याची चार-पाच नावे निवडायची: कृष्णा, पूर्णा, वैनगंगा, प्राणहिता. प्रत्येकाचे चित्र काढायचे, आज्ञावलीच्या विकासकांना दोष कळवायचा, जमल्यास दुरुस्ती पाठवायची आणि ते तपासून जे प्रश्न विचारतील त्यांना उत्तरे द्यायची. पहिली दुरुस्ती बहुधा परत येते, शेरे मारून. दुसरीही येते. तिसऱ्या वेळी ती स्वीकारली गेली, तर पुढच्या आवृत्तीत जगभरच्या सगळ्या प्रतींमध्ये कृष्णा नीट लिहिली जाते, आणि बदलांच्या नोंदीत त्या विद्यार्थ्याचे नाव राहते. हे करायला एक संगणक, इंटरनेट आणि शेरे वाचून न रागावणारा एक शिक्षक एवढे पुरते.